परदेशी मोटार हाकताना : घरचे लायसेन्स आणि पाहुण्याचा परवाना

संध्याकाळी फूलबागेत फिरावयास जमणाऱ्या आपल्या मंडळींत पूर्वी कोणत्या गोष्टी निघत, हे ज्येष्ठ सभासदांना आठवत असेलच. कोणाच्या मुलीला स्थळ आले, कोणाच्या मुलाची बदली झाली, बाड्यावर भाजी काय भावाने मिळाली, अशा त्या गोष्टी असत. त्या आजही निघतात. पण त्यांत आता एका नव्या विषयाची भर पडली आहे. कोणाचा मुलगा न्यू जर्सीस असतो, कोणाची लेक सिडनीत, कोणाचा पुतण्या जर्मनीत शिकावयास गेलेला. नातवंडाच्या बारशासाठी म्हणून निघालेले आजीआजोबा सहासहा महिने तिकडे राहून येतात. आणि निघण्याच्या आदल्या आठवड्यात हटकून एक प्रश्न विचारला जातो : "काय हो, आपले लायसेन्स तिकडे चालते का?"

या प्रश्नाला बाकावर बसलेल्या तिघांकडून तीन उत्तरे मिळतात. पहिले म्हणतात, "इंटरनॅशनल काढा, म्हणजे जगभर चालते." दुसरे म्हणतात, "आपले कार्ड इंग्रजीत आहे, तेवढे पुरे. पैसे कशाला घालविता?" तिसऱ्यांचे म्हणणे असे, की तिथे उतरल्या दिवसापासून परीक्षा दिल्याखेरीज चाकाला हात लावू देत नाहीत. तिघांच्याही म्हणण्यात थोडे थोडे तथ्य आहे, आणि म्हणूनच तिघांचेही म्हणणे धोक्याचे आहे. न्यासाच्या महोत्सवी स्मरणिकेत अशा व्यवहारी विषयाला जागा असावी काय, अशी शंका प्रथम आमच्याही मनात आली. परंतु न्यासाची स्थापना आपल्या कुटुंबांच्या उपयोगी पडण्यासाठी झाली, आणि आज आपल्या कुटुंबांचे एक पाऊल परदेशात आहे. तेव्हा हा विषय आपलाच आहे, असे समजून आम्ही चार गोष्टी लिहीत आहो.

फूलबागेचा धडा

ज्या बागेत हा प्रश्न निघतो, त्या बागेनेच त्याचे निम्मे उत्तर देऊन ठेवले आहे. माधवराव महाराज शिंदे यांच्या कारकीर्दीत घडलेल्या या एकाच परिसरात गोपाळ मंदिर आहे, मोती मशीद आहे, गुरुद्वारा आहे आणि थिऑसॉफिकल लॉजही आहे. गुरुद्वारात शिरताना आपण डोके झाकतो. मंदिराच्या पायरीशी पायताण काढतो. आमच्या घरी अशी रीत नाही, असे सांगून कोणी दारात वाद घालीत नाही. ज्याच्या अंगणात जावयाचे, त्याची रीत पाळावयाची, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही.

परदेशच्या रस्त्याचेही नेमके असेच आहे. आपले लायसेन्स म्हणजे आपल्या सरकारने दिलेला दाखला, की या माणसाला मोटार चालविता येते. दुसऱ्या देशाने तो दाखला मानावा की नाही, किती दिवस मानावा, आणि कोणाकडून मानावा, हे ठरविण्याचा अधिकार त्या देशाचा. आपण तिथे पाहुणे. पाहुण्याला सवलत मिळते. पण ती पाहुणा आहे तोवरच मिळते. हे एक सूत्र ध्यानात ठेवले, तर पुढचा सर्व तपशील सोपा होईल.

कागद दोन, अधिकार एक

प्रथम दोन कागदांतील भेद समजून घेऊ. एक आपले नेहमीचे लायसेन्स, म्हणजे परिवहन कार्यालयाने दिलेले कार्ड. दुसरा आंतरराष्ट्रीय परवाना, ज्याला बोलताना सर्रास "इंटरनॅशनल लायसेन्स" म्हणतात. या नावामुळेच पुष्कळांची समजूत अशी होते, की हा पहिल्यापेक्षा वरच्या दर्जाचा, जगभर चालणारा परवाना असावा. वस्तुतः तो आपल्या मूळ लायसेन्सचा अधिकृत अनुवाद होय. अनेक भाषांत तोच मजकूर छापलेली ती लहानशी पुस्तिका असते. परक्या देशातल्या शिपायाला आपली लिपी वाचता येत नसली, तरी या माणसाला कोणत्या जातीचे वाहन चालविण्याची मुभा आहे हे त्याला आपल्या भाषेत कळावे, एवढाच तिचा हेतू.

यातून तीन गोष्टी निघतात. पहिली ही, की नुसती पुस्तिका खिशात ठेवून मूळ कार्ड घरी ठेवले, तर पुस्तिकेला काही अर्थ राहत नाही. अनुवाद आहे, पण मूळ ग्रंथच नाही, असे ते होईल. दुसरी ही, की मूळ लायसेन्सची मुदत संपली की पुस्तिकेवर कोणतीही तारीख असो, तीही संपली. आणि तिसरी ही, की मूळ लायसेन्सवर जे वाहन नाही, ते पुस्तिकेने चालविता येत नाही. आपल्या तरुण मंडळींनी हे विशेष लक्षात घ्यावे. थायलंडला सहलीस गेले, की भाड्याची दुचाकी घेण्याचा मोह होतो. घरी केवळ मोटारीचे लायसेन्स असेल, तर त्याच्या अनुवादाने दुचाकीचा अधिकार येत नाही. अपघात झाल्यावर हे समजणे फार महाग पडते.

मोबाइलमध्ये ठेवलेली लायसेन्सची प्रत आपल्या देशात चालते, म्हणून ती परदेशातही चालेल असे गृहीत धरू नये. तिकडे जाताना कार्डच जवळ बाळगावे.

थोडा इतिहास

मोटारीचे वेड ग्वाल्हेरला नवे नाही. मुंबई ते कोल्हापूर अशा घाटवाटांच्या चाचणीत १९०८ साली नाव मिळविलेली "पर्ल ऑफ द ईस्ट" ही रोल्स रॉइस मोटार माधवराव महाराजांनी विकत घेतली, हे मोटारींच्या इतिहासात नोंदलेले आहे. त्याच सुमारास युरोपात मोटारवाल्यांची वेगळीच अडचण होत होती. तिथले देश लहान. सकाळी निघालेला मनुष्य संध्याकाळपर्यंत दोन सरहद्दी ओलांडणार, आणि प्रत्येक ठिकाणी निराळा कायदा. यावर तोड म्हणून ११ ऑक्टोबर १९०९ रोजी पॅरिस येथे काही राष्ट्रांनी पहिला करार केला. १९२६ साली पॅरिसलाच दुसरा करार झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९ सप्टेंबर १९४९ रोजी जिनेव्हा येथे नवा करार झाला, आणि ८ नोव्हेंबर १९६८ रोजी व्हिएन्ना येथे आणखी एक.

यांपैकी भारताने १९६२ साली स्वीकारला तो १९४९ चा जिनेव्हा करार. आपल्याला मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना त्याच कराराखालचा असतो. ही गोष्ट कोरडी वाटेल, पण तिचा उपयोग फार आहे. जपान १९४९ च्या कराराखालचा परवाना मानतो; म्हणून आपला परवाना तिथे चालतो. व्हिएतनाम मात्र १९६८ च्या कराराखालचा परवाना तेवढा मानतो. म्हणून तिथे आपली पुस्तिका उपयोगी पडत नाही. चीनच्या मुख्य भूमीवर तर आंतरराष्ट्रीय परवाना मुळीच मान्य नाही. तिथे तिथलाच परवाना हवा. तेव्हा "जगभर चालते" हे बाकावरचे पहिले उत्तर इथेच बाद होते.

परवाना काढावयाचा कसा

आंतरराष्ट्रीय परवाना आपल्या देशात परिवहन कार्यालय देते. अर्जाचा नमुना क्रमांक ४-अ. परिवहन खात्याच्या "सारथी" या सरकारी संकेतस्थळावरूनही अर्ज भरता येतो. नियमाने ठरलेले शुल्क एक हजार रुपये आहे. चालू मुदतीचे लायसेन्स, पासपोर्ट आणि छायाचित्रे एवढी सामग्री जवळ ठेवावी. पूर्वी डॉक्टरचा दाखला आणि व्हिसाही दाखवावा लागे. ७ जानेवारी २०२१ च्या अधिसूचनेने या दोन्ही अटी काढून टाकण्यात आल्या. कारण कित्येक देशांत व्हिसा विमानतळावर उतरल्यावरच मिळतो, तो आधी आणावयाचा कोठून?

परवान्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष, आणि तीही मूळ लायसेन्सच्या मुदतीच्या आतच. मुक्काम लांबला आणि परदेशात असतानाच वर्ष संपले, तर त्याच २०२१ च्या अधिसूचनेने तेथील भारतीय वकिलातीमार्फत नूतनीकरणाचा अर्ज करण्याची सोय झाली आहे.

पूर्वी निरनिराळ्या राज्यांतून मिळणाऱ्या पुस्तिकांचा आकार, रंग आणि मांडणी सारखी नसे. त्यामुळे परदेशी अधिकारी त्या पाहून साशंक होत आणि आपल्या लोकांची खोटी होई. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये सर्व देशासाठी एकच नमुना ठरविला, आणि परवाना मूळ लायसेन्सशी जोडणारे क्यूआर चिन्ह त्यावर घातले. जुनी पुस्तिका जपून ठेवली आहे, तीच पुन्हा नेऊ, असे कोणी म्हणू नये.

इथे एक सावधगिरीची सूचना. "घरबसल्या तीन दिवसांत, दहा वर्षांच्या मुदतीचे आंतरराष्ट्रीय लायसेन्स" अशा जाहिराती आढळतात. १९४९ च्या करारात एक वर्षापलीकडची मुदतच नाही. १९६८ च्या करारातही तीन वर्षांपलीकडे ती जात नाही. मग दहा वर्षांचा कागद कोणत्या कराराने निघाला? असला कागद रंगीत असेल, चकचकीत असेल. पण शिपायाच्या हाती दिल्यावर तो आपल्याविरुद्धच साक्ष देईल.

तारखेचे दुखणे

आमच्या एका ज्येष्ठ सभासदांची हकिकत इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. त्यांनी स्वतःच ती लिहावयास सांगितली. अट एवढीच, की नाव नको. चाळीस वर्षे ग्वाल्हेरच्या रस्त्यांवर स्कूटर आणि मोटार चालविलेला हा मनुष्य. शिस्तीचा इतका, की शिंदे की छावणीच्या गर्दीतही कधी कोणाला धक्का लागला नाही. मुलाकडे अमेरिकेस गेले. मुलगा म्हणाला, "बाबा, घरात दोन गाड्या आहेत. सकाळी नातवाला शाळेत सोडाल तर मला कामावर वेळेत पोचता येईल." आजोबांना आनंदच झाला. परक्या घरी नुसते बसून राहण्यापेक्षा आपला काही उपयोग होतो आहे, याचे समाधान मोठे असते.

दोन महिने सर्व ठीक चालले. एके दिवशी सिग्नलशी उभ्या असलेल्या त्यांच्या गाडीला मागून दुसरी गाडी येऊन धडकली. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही. चूक उघड उघड मागच्याची. पोलिस आला, त्याने दोघांचे कागद पाहिले, आणि आजोबांचे कार्ड उलटसुलट करून त्यांच्याकडे पाहिले. लायसेन्सची मुदत अकरा दिवसांपूर्वी संपली होती. आंतरराष्ट्रीय पुस्तिकाही त्याच दिवशी संपलेली. पुढे त्यांना न्यायालयाची तारीख मिळाली, दंड भरावा लागला, आणि विम्याची लिखापढी मुलाला कित्येक महिने पुरली. "चूक दुसऱ्याची होती," ते आम्हांस म्हणाले, "पण तारीख माझी होती. नातू मागच्या बाकावर बसला होता. तो विचारीत होता, आजोबा, पोलिस तुम्हांला का रागावतो आहे? त्याला काय सांगू?"

ही चूक टाळणे किती सोपे होते, ते पाहा. १ सप्टेंबर २०१९ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीनुसार खाजगी वाहनाच्या लायसेन्सची मुदत वयावर ठरते. तिशीच्या आत लायसेन्स मिळाले, तर ते वयाच्या चाळिसाव्या वर्षापर्यंत चालते. तीस ते पन्नासच्या दरम्यान मिळाले, तर दहा वर्षे. पन्नास ते पंचावन्नच्या दरम्यान मिळाले, तर साठीपर्यंत. त्यानंतर दर खेपेस पाचच वर्षे. म्हणजे नातवंडांकडे जाणाऱ्या वयातच तारीख वारंवार येते. पूर्वी मुदत संपल्यावर तीस दिवसांची सूट असे. तीही याच दुरुस्तीने गेली. परंतु कायद्याने एक चांगली सोयही ठेवली आहे : मुदत संपण्यापूर्वी एक वर्षापासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. चाळिशीपुढील अर्जदाराला डॉक्टरचा दाखला जोडावा लागतो. तेव्हा तिकिटे काढतानाच कार्डावरील तारीख पाहावी, आणि ती मुक्कामाच्या काळात येत असेल, तर आधी लायसेन्स नवे करून मग आंतरराष्ट्रीय परवाना काढावा. क्रम उलटा झाला, तर पुस्तिका तोकड्या मुदतीची मिळते. मुदत संपून एक वर्षाहून अधिक काळ लोटला, तर मात्र पुन्हा चाचणीस उभे राहावे लागते.

पाहुणा कोण, रहिवासी कोण?

आता मूळ सूत्राकडे वळू. घरचे लायसेन्स परदेशात चालते ते पाहुण्यासाठी. राहावयास गेलेल्या माणसाला थोड्याच दिवसांत तिथले लायसेन्स काढावे लागते. एकाच घरात, एकाच गाडीत बसणाऱ्या बापलेकांना यामुळे वेगवेगळे नियम लागू होतात, आणि घोटाळा होतो तो येथेच.

अमेरिकेत हा विषय प्रत्येक राज्याचा स्वतंत्र आहे. कॅलिफोर्नियात अठरा वर्षांवरील पाहुण्याला आपल्या देशाच्या चालू लायसेन्सवर मोटार चालविता येते. तेथील खाते आंतरराष्ट्रीय परवान्याला स्वतंत्र लायसेन्स म्हणून मानीत नाही. परंतु तिथे नोकरीनिमित्त राहावयास गेलेल्या मुलाने रहिवासी झाल्यापासून दहा दिवसांत तिथले लायसेन्स मिळवावे, असा नियम आहे. न्यूयॉर्क राज्यात हीच मुदत तीस दिवसांची, आणि टेक्सासमध्ये नव्वद दिवसांची. न्यूयॉर्कमध्ये परदेशातून शिकावयास आलेल्या विद्यार्थ्याला बहुधा रहिवासी समजत नाहीत. पण तोच विद्यार्थी पुढे नोकरीस लागून घर करून राहिला, की हिशेब बदलतो. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बिऱ्हाड हलविले, तर पुन्हा नवा नियम पाहावा.

ब्रिटनमध्ये भारतीय लायसेन्सवर लहान वाहने बारा महिने चालविता येतात. मुक्काम कायमचा झाला, तर रहिवासी झाल्यापासून बारा महिने. त्यानंतर तिथले लायसेन्स हवेच. काही ठराविक देशांची लायसेन्से तिथे परीक्षेवाचून बदलून मिळतात; त्या यादीत भारत नाही. म्हणून आपल्या मुलांना तिथे शिकाऊ परवान्यापासून आरंभ करून लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. बारा महिन्यांत हे झाले नाही, तर इथे दहा वर्षे गाडी चालविलेल्या मुलालाही "एल" अक्षराची पाटी लावून, शेजारी तिथला परवानाधारक बसवूनच गाडी चालवावी लागते. यात अपमान मानू नये.

जर्मनीत राहावयास गेलेल्याला आपल्या लायसेन्सवर सहा महिने मिळतात, आणि त्याबरोबर अनुवाद किंवा आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. पुढे तिथल्या दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात इंग्रजी लायसेन्सवर पाहुण्याला गाडी चालविता येते. पण १ जुलै २०२३ पासून तात्पुरत्या व्हिसावर तिथे राहणाऱ्यांनीही सहा महिन्यांत तिथले लायसेन्स घ्यावयाचे आहे. जपानात आपले इंग्रजी कार्ड एकटे पुरत नाही. जिनेव्हा कराराची पुस्तिका हवीच, आणि तीही तिथे उतरल्यापासून फार तर एक वर्ष. संयुक्त अरब अमिरातीत भेटीस गेलेल्या भारतीयाला आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, आणि राहण्याचा परवाना हाती पडला की तो पाहुण्याचा हक्क संपून तिथले लायसेन्स काढावे लागते.

हे सर्व पाठ करावे असा आमचा आग्रह नाही. नियम बदलतही असतात. निघण्यापूर्वी त्या त्या देशाच्या वा राज्याच्या सरकारी खात्याकडून ते एकदा पडताळून घ्यावे. पडताळताना प्रश्न मात्र नीट विचारावा. "भारतीय लायसेन्स चालते का?" असे न विचारता, "मी पाहुणा म्हणून इतके महिने येत आहे, मला काय लागेल?" असे विचारावे.

विम्याची बाजू

दंड एक वेळ भरता येतो. पण परदेशात अपघातानंतरचा औषधोपचार आणि नुकसानभरपाई यांचे आकडे सामान्य कुटुंबाला झेपणारे नसतात. तो भार विमा उचलतो. आणि चालकाजवळ त्या जागी वैध असे लायसेन्स नव्हते असे दिसले, की भरपाई नाकारण्यास कंपनीला कारण मिळते. म्हणून मुलाच्या गाडीला हात लावण्यापूर्वी दोन गोष्टी विचाराव्या : त्याच्या विम्यात घरी आलेल्या पाहुण्याने गाडी चालविण्याची तरतूद आहे काय, आणि नसल्यास आपले नाव त्यात घालता येईल काय? भाड्याची गाडी घेताना कायदा काही म्हणो, कंपनीची स्वतःची अटही असते. ज्या राज्यात कायद्याने आंतरराष्ट्रीय परवाना लागत नाही, तिथेही गाडी देणारी कंपनी तो मागू शकते. एक हजार रुपये वाचविण्याच्या नादात विमानतळावर बायकामुलांसह तिष्ठत बसावे लागू नये. "इंग्रजी कार्ड पुरे" हे दुसरे उत्तर इथे उणे पडते.

रस्त्यावरच्या काही गोष्टी

कागद पूर्ण झाले, तरी हात आणि डोळे घरच्याच सवयीचे असतात. ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया इथे वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात. अमेरिका, युरोप खंड आणि आखाती देश इथे उजवीकडून. चूक बहुधा भर रहदारीत होत नाही. पुढची गाडी पाहून आपण आपोआप नीट चालतो. ती होते पहाटे, मोकळ्या रस्त्यावर, पेट्रोल भरून बाहेर पडताना किंवा चौकात वळताना. पहिले काही दिवस शेजारी बसणाऱ्याने प्रत्येक वळणावर बाजूची आठवण द्यावी.

अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये वेगाचे आकडे मैलांत असतात. तीस म्हणजे सुमारे अठ्ठेचाळीस किलोमीटर. वेल्समध्ये वस्तीच्या रस्त्यांवर १७ सप्टेंबर २०२३ पासून सामान्य मर्यादा वीस मैलांची आहे. अमेरिकेत शाळेची पिवळी बस तांबडे दिवे उघडमीट करीत उभी राहिली, की मागील गाड्यांनी थांबावे, आणि दुभाजक नसलेल्या रस्त्यावर समोरून येणाऱ्यांनीही. तांबड्या दिव्याला पूर्ण थांबून उजवीकडे वळण्याची मुभा तिथे पुष्कळ ठिकाणी आहे. पण न्यूयॉर्क शहरात, पाटीने परवानगी दिलेली नसल्यास, ती नाही. ब्रिटनमधील वर्तुळाकार चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावयाचे असते.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे शिपायाने हात केला, की आपण खाली उतरून, त्याच्याजवळ जाऊन बोलतो. त्यात आपल्या मते आदर असतो. अमेरिकेत असे करू नये. गाडी कडेला उभी करावी, आत बसून राहावे, दोन्ही हात चाकावर दिसतील असे ठेवावे, आणि सांगितल्यावरच कागद काढावे.

उलट दिशेचा प्रवास

सुट्टीत घरी आलेली आपली मुलेही याच नियमात येतात, हे आपण विसरतो. अमेरिकेत वा ब्रिटनमध्ये स्थायिक झालेला मुलगा डिसेंबरात घरी येतो, आणि विमानतळावरून येतानाच म्हणतो, "काका, चावी द्या, मी चालवितो." त्याचे भारतीय लायसेन्स कधीच संपलेले असते. खिशात असते ते तिथले. तेवढ्यावर इथे गाडी चालविणे वैध होत नाही. त्याने निघताना तिथला आंतरराष्ट्रीय परवाना आणावयास हवा. ब्रिटनमध्ये हा परवाना साडेपाच पौंडांना मिळतो. १ एप्रिल २०२४ पासून तो टपाल कचेरीऐवजी पेपॉइंटच्या दुकानांतून देतात. आपल्या गावी कोण विचारतो, असे म्हणून चावी देणारा काका प्रेमळ खरा. पण अपघात झाला तर पुतण्याबरोबर तोही अडचणीत येतो.

शेवटी एवढेच

बाकावरच्या तिसऱ्या उत्तरातही तथ्य आहे, असे आम्ही म्हटले होते. परीक्षा द्यावी लागते, पण ती राहणाऱ्याला. आणि ज्याला राहावयाचे आहे त्याने ती आनंदाने द्यावी. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या पायथ्याशी पडली, आणि त्या छावणीचेच पुढे लष्कर झाले. आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज त्या काळापासून पुढे दक्षिणेतून इकडे आले, ते आधी पाहुणे होते. पुढे त्यांनी इथली भाषा उचलली, इथले रीतिरिवाज समजून घेतले, आणि घरात मराठी राखून बाहेर इथलेच झाले. आपली मुले आज परदेशात तेच करीत आहेत. तिथले लायसेन्स काढणे ही त्या वाटेवरची एक लहानशी पायरी आहे.

आणि जे केवळ भेटीस जातात, त्या आपल्या वडीलधाऱ्यांस आम्ही नम्रपणे सांगू इच्छितो, की गाडी चालविणे हे आपल्या मानाचे माप नव्हे. कागद पुरे असतील, हात स्थिर असतील आणि मन तयार असेल, तर अवश्य चालवावी. यांपैकी एकही नसेल, तर शेजारच्या आसनावर बसून नातवाला गोष्ट सांगावी. मुलांनीही "बाबा, काही होत नाही" असा आग्रह धरू नये. तिकीट काढण्याच्या दिवशीच कपाटातून ते कार्ड बाहेर काढून त्यावरील तारीख घरातल्या सर्वांनी मिळून वाचावी, एवढी आमची विनंती आहे. ज्यांच्या हकिकतीवरून हा लेख लिहिला, ते गृहस्थ पुढील महिन्यात पुन्हा नातवाकडे निघाले आहेत. लायसेन्स नवे, परवाना नवा, आणि दोन्हींच्या तारखा त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतल्या आहेत. त्यांचा आणि आपणा सर्वांचा प्रवास सुखाचा होवो. इत्यलम्.